पाण्याने लोटलेल्या तेलाचे गणित : जलभरण-क्षेत्रांतील उत्पादनाच्या पूर्वानुमानाचा इतिहास

जमिनीखालील तेलसाठ्यात एका विहिरीतून पाणी दाबून भरावयाचे आणि त्या पाण्याने पुढे लोटलेले तेल दुसऱ्या विहिरीतून वर घ्यावयाचे, ही रीत तेलव्यवसायात आज सर्वत्र रूढ आहे. तिला येथे जलभरण असे म्हटले आहे. या रीतीत प्रारंभी काही काळ बहुतांशी तेलच वर येते. मग तेलाबरोबर पाणी येऊ लागते. पाण्याचा अंश वाढत जातो, आणि शेवटी शंभर पिंपे द्रव उपसल्यावर दोन-चार पिंपे तेल हाती लागत असता पंप चालविण्याचा खर्चही निघेनासा होतो. एकूण तेल किती मिळेल, ते किती वर्षांत मिळेल आणि विहीर केव्हा सोडून द्यावी, हे तीन प्रश्न मात्र पाण्याचे पहिले पिंप भरण्यापूर्वीच विचारले जातात. कारण पैसा तेव्हाच घालावा लागतो.

या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी जी सोपी गणिते गेल्या शतकात रचली गेली, त्यांची हकीकत साधारणतः अशी सांगितली जाते : गणकयंत्रे नव्हती तोवर अभियंत्यांनी कागद, पेन्सिल व मोजपट्टी यांवर भागविले, यंत्रे आली आणि ही गणिते निरुपयोगी झाली. ही हकीकत दोन कारणांनी अपुरी आहे. एक तर सोपी प्रतिमाने नाहीशी झाली नाहीत; यंत्रे अत्यंत शक्तिमान झाल्यानंतर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, ती नव्या जोमाने परत आली. दुसरे असे की, प्रतिमानात काय ठेवावे आणि काय सोडावे हा निर्णय केवळ आकडेमोडीच्या सोयीने झालेला दिसत नाही. ज्या ठिकाणी जे मोजता येत होते, त्याभोवती तेथील प्रतिमान उभे राहिले. कोठे हाती दगडाचे नमुने होते, कोठे प्रयोगशाळेतील वाळूची नळी होती, तर कोठे केवळ करआकारणीसाठी ठेवलेल्या वह्या होत्या. या साधनांचा मागोवा घेतला म्हणजे पुढील इतिहासाचा क्रम लागतो.

प्रारंभ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यापासून करावा लागतो. १८५९ मध्ये टायटसव्हिल येथे ड्रेक यांच्या विहिरीस सुमारे ७० फुटांवर तेल लागले आणि पुढील दोन दशकांत त्या राज्याच्या उत्तर सीमेवरील ब्रॅडफर्ड क्षेत्र जगातील अग्रगण्य तेलक्षेत्र बनले. १८८१ मध्ये एकट्या ब्रॅडफर्डचे उत्पादन सुमारे २.३ कोटी पिंपांवर गेले होते. येथील वालुकाश्म घट्ट आहे, व तेल वर लोटणारा जोर मुख्यतः तेलात विरघळलेल्या वायूचा होता. तो वायू विहिरींच्या गर्दीतून थोड्याच वर्षांत निघून गेला, आणि बहुतेक तेल खालीच राहिले असता क्षेत्र मरणपंथास लागले.

जलभरणाचा शोध कोणा एका व्यक्तीच्या नावावर मांडता येत नाही. तो अपघाताने लागला. १८६५ मध्येच पिटहोल परिसरात वरच्या थरांतील पाणी तेलाच्या वाळूत उतरल्याची नोंद आहे. टाकून दिलेल्या विहिरीचे नळ कुजले की असे घडे. ज्या विहिरीतून पाणी शिरे ती बुडे, परंतु शेजारच्या विहिरींत कधीकधी तेलाचे प्रमाण वाढलेले आढळे. राज्याच्या भूवैज्ञानिक पाहणीतील जॉन कार्ल यांनी १८८० मध्ये या गोष्टीची दखल घेऊन, वाळूत पाणी शिरल्याने तेलप्राप्ती वाढू शकेल असे लिहून ठेवले. कायदा मात्र विरुद्ध होता. तेलाच्या थरात पाणी जाऊ देणे हे नुकसान मानले जाई व विहिरी नीट बुजविण्याची सक्ती होती. ब्रॅडफर्डच्या काही विहीरमालकांनी ही सक्ती गुपचूप मोडली आणि अखेरीस १९२१ मध्ये तेथील विधिमंडळाने ब्रॅडफर्डच्या वाळूत पाणी भरण्यास परवानगी दिली. आधी गुन्हा, मग रिवाज आणि शेवटी शास्त्र, असा हा प्रवास आहे. ज्या वर्षांत ही रीत चोरून चालत होती त्या वर्षांच्या नोंदी अर्थातच फारशा सापडत नाहीत, आणि त्यामुळे पहिल्या पूर्वानुमानकर्त्यांना ज्या अनुभवाचा सर्वाधिक उपयोग झाला असता तोच त्यांना उपलब्ध नव्हता.

परवानगीनंतर मांडणीत सुधारणा झाली. पूर्वी एका विहिरीत पाणी सोडून ते चहूकडे पसरू देत व आसपासच्या विहिरी पाण्याने भरल्या की त्याही भरणासाठी वापरीत. १९२२ मध्ये भरण-विहिरींची ओळ करण्यात आली. १९२४ मध्ये पाच ठिपक्यांची मांडणी करून पाहण्यात आली. या मांडणीत फाशावरील पंजाप्रमाणे चौकाच्या चार कोपऱ्यांवर भरण-विहिरी आणि मध्यभागी उत्पादक विहीर असते. या पद्धतीने ब्रॅडफर्ड पुन्हा वर आले आणि १९३७ मध्ये त्याचे उत्पादन सुमारे १.७ कोटी पिंपांपर्यंत पोहोचले. परंतु पंजाची मांडणी म्हणजे जुन्या विहिरींची डागडुजी नव्हे. तीत नव्या विहिरी ठरावीक अंतरावर खणाव्या लागतात. येथे प्रथमच हिशेब आधी आणि खोदकाम नंतर असा क्रम अटळ झाला.

त्या हिशेबासाठी हाती काय होते? वेधनातून काढलेले दगडाचे दंडगोल. त्यांतून द्रव किती सुलभतेने वाहतो, म्हणजे दगडाची पार्यता किती, हे प्रयोगशाळेत मोजता येऊ लागले होते. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या गाळणीतील प्रवाहाचा जो नियम मांडला, त्यावरून १९३३ मध्ये पिट्सबर्ग येथील गल्फ कंपनीच्या प्रयोगशाळेतील विकॉफ, बोटसेट, मस्कट व रीड यांनी पार्यतेच्या एककास ‘डार्सी’ हे नाव दिले. त्याच वर्षी यांतील पहिल्या तिघांनी पंजाच्या मांडणीचा अभ्यास एका विद्युत्-प्रतिकृतीवर केला. द्रवांऐवजी त्यांनी विजेच्या दाबाने सरकणारे आयन घेतले आणि त्यांची रंगीत कड उत्पादक बिंदूपर्यंत पोहोचेतो चौकाचा किती भाग व्यापते हे पाहिले. उत्तर आले सुमारे ७२ टक्के. तेल व पाणी सारख्याच सुलभतेने वाहतात आणि दगड सर्वत्र एकसारखा आहे, या दोन गृहीतांवर हा आकडा उभा आहे. ब्रॅडफर्डच्या वाळूला दुसरे गृहीत लागू नाही, हे दंडगोल हाताळणाऱ्या कोणासही दिसत होते. तथापि चौकाच्या भूमितीमुळे किती तेल मागे राहते याचे पहिले विश्वसनीय उत्तर याच प्रयोगाने दिले.

पुढचे पाऊल टेक्ससमध्ये पडले. ह्यूस्टन येथील हंबल कंपनीत लेव्हरेट हे वाळू भरलेल्या नळीतून तेल व पाणी एकत्र वाहवून, वाळूतील पाण्याची संपृक्तता बदलली की दोन्ही द्रवांची वहनसुलभता कशी बदलते हे मोजीत होते. त्यांचा निबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४२ मध्ये बक्ली व लेव्हरेट यांनी मिळून या मोजमापांवर जे गणित उभारले, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्याचा आशय शब्दांत असा सांगता येईल. नळीच्या कोणत्याही छेदातून जाणाऱ्या एकूण प्रवाहात पाण्याचा अंश किती, हे तेथील संपृक्ततेवर अवलंबून असते. हा संबंध वक्र रेषेने दाखविला, तर प्रत्येक संपृक्तता त्या वक्राच्या त्या बिंदूवरील चढाच्या प्रमाणात वेगाने पुढे सरकते. वक्राचा मधला भाग सर्वांत उभा असल्याने मधल्या संपृक्तता सर्वांत वेगाने धावू पाहतात आणि पुढच्यांना मागे टाकतात. मग एकाच ठिकाणी एकाच वेळी तीन संपृक्तता असे अशक्य उत्तर मिळते. लेखकद्वयाने येथे पाण्याचा जमाखर्च बरोबर राहील अशा बेताने एक उभा छेद घेतला, व पाण्याची आघाडी म्हणजे एक अचानक उंच होणारी पायरी आहे असे मानले. १९५२ मध्ये वेल्ज यांनी दाखविले की ही पायरी शोधण्यास वक्रावर एक स्पर्शरेषा काढली की पुरे; आघाडीच्या मागे सरासरी किती पाणी आहे हेही त्याच रेषेवरून वाचता येते. रस्त्यावरील वाहनांची दाटी व नदीतील पुराची लाट यांचे गणितही याच कुळातले आहे. लाइटहिल व विदम यांनी ते १९५५ मध्ये स्वतंत्रपणे मांडले.

बक्ली व लेव्हरेट यांनी दोन द्रवांमधील केशाकर्षणाचा दाब वगळला. तो वगळल्यामुळेच समीकरण सुटसुटीत झाले. हे अज्ञानाने घडले असे म्हणता येत नाही, कारण केशाकर्षणावरचा त्या काळातील सर्वांत महत्त्वाचा निबंध लेव्हरेट यांनीच आदल्या वर्षी, १९४१ मध्ये, प्रसिद्ध केला होता. काय टाकले आहे याची पूर्ण जाणीव असलेल्या माणसाने केलेले हे सुलभीकरण आहे, आणि पुढील पिढ्यांतील बऱ्याचशा सुलभीकरणांविषयी तसे म्हणता येणार नाही. लेव्हरेट स्वतः लवकरच युद्धकालीन अणुप्रकल्पाकडे वळले व तेलाचा विषय इतरांकडे राहिला.

या गणितात एक मोठी उणीव होती. नळीतील वाळू एकजिनसी असते. तेलसाठ्यातील दगड थराथराने बदलतो. दंडगोलांच्या तक्त्यात एका फुटाची पार्यता शेजारच्या फुटाच्या दहापट असणे ही नेहमीची बाब होय. १९४९ मध्ये स्टाइल्स यांनी या तक्त्यालाच प्रतिमानाचा आधार केले. त्यांनी सर्व फूट खोलीच्या क्रमाने न मांडता पार्यतेच्या उतरत्या क्रमाने मांडले आणि प्रत्येक थरात पाणी पार्यतेच्या प्रमाणात पुढे जाते असे धरले. खडकात थर ज्या क्रमाने आहेत तो क्रम असा बिनदिक्कत मोडणे भूवैज्ञानिकास रुचणारे नव्हते, परंतु परिणाम उद्बोधक होता. समजा, सारख्याच जाडीचे दोन थर आहेत व एकाची पार्यता दुसऱ्याच्या दहापट आहे. सुलभ थर पूर्ण धुऊन निघेल तेव्हा कठीण थराचा केवळ दहावा भाग धुतलेला असेल. म्हणजे मिळण्याजोग्या तेलापैकी ५५ टक्के हाती आले असेल. त्या क्षणापासून उत्पादक विहिरीतील अकरा पिंपांत दहा पिंपे पाणी असेल, आणि उरलेले ४५ टक्के तेल याच प्रमाणात, ९१ टक्के पाण्यासह, घ्यावे लागेल. साठ्यात तेल किती आहे यापेक्षा ते कोणत्या थरांत वाटले गेले आहे यावर क्षेत्राचे आर्थिक आयुष्य ठरते, हे या दोन थरांच्या हिशेबातूनही स्पष्ट होते.

डिक्स्ट्रा व पार्सन्स यांनी १९५० मध्ये याच कल्पनेला दोन गोष्टींची जोड दिली. पाणी व तेल यांची श्यानता भिन्न असल्यामुळे एखादा थर जसजसा पाण्याने भरतो तसतसा त्यातील प्रवाहाचा वेग बदलतो, हे त्यांनी हिशेबात घेतले. आणि थरांतील विषमता एकाच अंकात मांडली. पार्यतेची मूल्ये संभाव्यता-कागदावर मांडून मध्यमूल्य व ८४.१ टक्क्यांवरील मूल्य यांतील अंतरास मध्यमूल्याने भागले की हा अंक मिळतो. दगड एकजिनसी असेल तर तो शून्य, आणि विषमता वाढेल तसा एककाकडे जातो. कॅलिफोर्नियातील दगडांच्या नमुन्यांवर केलेल्या प्रयोगांचा आधार त्यामागे होता. एका थरातील पाणी शेजारच्या थरात उतरत नाही, असे मात्र स्टाइल्सप्रमाणेच याही पद्धतीने धरले. त्या एका अंकाची मोहिनी एवढी की, मूळ मर्यादा विसरून तो पुढे निरनिराळ्या जातींच्या खडकांना लावला गेला. गिरणीत दळलेल्या पिठावरून धान्याची रास कशी रचली होती हे सांगता येत नाही. विषमतेच्या अंकावरूनही पार्य थर सलग आहेत की तुटक, हे सांगता येत नाही.

येथवरचा प्रवाह दगडाकडून उत्पादनाकडे जाणारा होता. याच काळात दुसरा, अगदी उलट दिशेचा प्रवाह वाहत होता. त्याचे उगमस्थान प्रयोगशाळा नसून हिशेबाची वही होय. अमेरिकेच्या १९१८ च्या महसूल कायद्यानुसार तेलविहिरींच्या घटत्या संपत्तीबद्दल करात सूट मिळे व त्यासाठी विहिरीत किती तेल उरले आहे याचा अंदाज सरकारास द्यावा लागे. कोषागाराने या कामासाठी मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. जुन्या उत्पादनाचे आकडे कागदावर मांडून त्यांची रेषा पुढे वाढविणे, हा सर्वांना परवडणारा उपाय होता. १९४५ मध्ये आर्प्स यांनी अशा ऱ्हास-वक्रांची घातीय, अपास्तीय व हरात्मक अशी सुसंगत मांडणी केली. या रीतीस दगडाची काहीच माहिती लागत नाही. हेच तिचे सामर्थ्य व हीच तिची दुर्बलता.

जलभरणाच्या क्षेत्रात ही रीत सरळ लागू पडेना. जेवढे पाणी भरावे तेवढा द्रव निघतो, म्हणून एकूण उत्पादन घटतच नाही; घटतो तो त्यातील तेलाचा अंश. तेव्हा वहीवाल्यांनी काळाऐवजी आजवर मिळालेले एकूण तेल आडव्या अक्षावर घेतले आणि पाणी व तेल यांचे गुणोत्तर लॉगरिथमच्या प्रमाणात उभ्या अक्षावर मांडले. क्षेत्रामागून क्षेत्रात ही रेषा जवळजवळ सरळ येऊ लागली. सोव्हिएत संघात, जेथे बश्किरियातील तुइमाझी येथे १९४८ पासून साठ्याच्या कडेने व पुढे तातारस्तानातील विशाल रोमाश्किनो क्षेत्रात भरण-विहिरींच्या रांगांनी साठ्याचे तुकडे पाडून पाणी भरले जात होते, तेथेही अशाच रेषा स्वतंत्रपणे रूढ झाल्या. मक्सीमफ यांची १९५९ मधील पद्धती त्यांपैकी एक. अमेरिकेत जो अंदाज करअधिकाऱ्यास व बँकेस द्यावयाचा, तो तेथे राज्याच्या उत्पादन-योजनेसाठी लागे. पण कागदावरची रेषा तीच होती.

चीनमध्ये या विचाराने सर्वांत टोकाचे रूप घेतले. १९५९ मध्ये सापडलेल्या दाचिंग क्षेत्रात जलभरण आरंभापासूनच करण्यात आले व १९७६ ते २००२ या सत्तावीस वर्षांत तेथील वार्षिक उत्पादन पाच कोटी टनांहून खाली आले नाही. तेलतज्ज्ञ तुंग श्येनचांग यांनी १९७८ च्या सुमारास एक सूत्र दिले. जलांश ९८ टक्क्यांवर गेला की क्षेत्राचा शेवट मानावयाचा. त्या शेवटापासून आज क्षेत्र किती दूर आहे ते पाणी-तेल गुणोत्तराच्या लॉगरिथमवरून काढावयाचे. आणि त्या अंतरास ७.५ या ठरावीक अंकाने भागावयाचे. उदाहरणार्थ, साठ्यातील २० टक्के तेल निघाले असता जलांश ७० टक्के असेल, तर अंतिम प्राप्ती सुमारे ३७.६ टक्के होईल असे हे सूत्र सांगते. एक बिंदू हाती असला की संपूर्ण भवितव्य! अर्थात ७.५ हा अंक निसर्गनियम नव्हे. काही क्षेत्रांच्या अनुभवाची ती सरासरी आहे, आणि ज्या क्षेत्राचा खडक त्या क्षेत्रांसारखा नाही तेथे तिचा अधिकार चालत नाही. तरीही रोज दहा ठिकाणचे निर्णय घ्यावे लागणाऱ्या कचेरीत असे सूत्र का टिकते हे समजण्याजोगे आहे.

आता प्रश्न असा की, दगडाविषयी काहीही न जाणणारी ही रेषा सरळ का यावी? याचे उत्तर पहिल्या प्रवाहातच दडलेले होते. प्रयोगशाळेत मोजलेल्या तेल व पाणी यांच्या वहनसुलभतेचे गुणोत्तर लॉगरिथमच्या कागदावर संपृक्ततेविरुद्ध मांडले, तर वक्राचा मधला मोठा भाग सरळ असतो. बक्ली-लेव्हरेट गणितात हे गुणोत्तर घातले की वहीतील सरळ रेषा आपोआप निघते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील इर्शाघी व ओमोरेगी यांनी १९७८ मध्ये हा सांधा स्पष्ट करून एक सुधारित आलेख दिला, व तो जलांश निम्म्याहून अधिक झाल्यावरच वापरावा अशी मर्यादाही त्यातूनच निघाली. इतिहासाच्या दृष्टीने या निबंधाचे महत्त्व त्याच्या आलेखाहून मोठे आहे. वहीची रीत केव्हा खरी ठरते आणि केव्हा फसते, हे सांगण्याची सोय त्यामुळे झाली. विहिरींची संख्या, भरणाची मांडणी वा थर बदलला की रेषेचा आधार सुटतो. आणि क्षेत्र सुधारण्याचे प्रत्येक काम यांपैकी काही ना काही बदलतेच.

दरम्यान गणकयंत्रे आली होती. १९५५ मध्ये हंबलमधीलच पीसमन व रॅचफर्ड यांनी अशा समीकरणांच्या संख्यात्मक उकलीची प्रसिद्ध पद्धती दिली आणि पुढील दोन दशकांत साठ्याचे हजारो घन-कोष्ठ पाडून प्रत्येकाचा हिशेब ठेवणे शक्य झाले. १९७१ मध्ये क्रेग यांनी जलभरणावरील आपल्या प्रबंधग्रंथात पूर्वानुमानाच्या जुन्या पद्धतींची वर्गवारी केली. तो ग्रंथ वाचताना एका युगाची शवपेटी व्यवस्थित बंद केल्यासारखे वाटते. परंतु घन-कोष्ठांच्या हिशेबास प्रत्येक कोष्ठाची पार्यता, सच्छिद्रता व संपृक्तता लागते, आणि मोजमाप तर फक्त विहिरींच्या ठिकाणी होते. मधल्या सर्व कोष्ठांचे आकडे अनुमानाने भरावे लागतात, व जुन्या उत्पादनाशी मेळ बसेपर्यंत ते फिरवावे लागतात. मेळ एकाहून अनेक प्रकारे बसतो. भूतकाळ सारखाच अचूक सांगणारी दोन प्रतिमाने भविष्याविषयी वेगवेगळे बोलू लागतात, तेव्हा यंत्राची शक्ती उपयोगी पडत नाही.

याच अडचणीतून सोपी प्रतिमाने परतली. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विभागात २००३ मध्ये अल्बर्तोनी व लेक यांनी केवळ विहिरींच्या प्रवाहातील चढउतारांवरून कोणत्या भरण-विहिरीचे पाणी कोणत्या उत्पादक विहिरीकडे जाते हे काढता येते असे दाखविले. २००६ मध्ये यूसेफ, जेंतील, जेन्सन व लेक यांनी त्याला भौतिक आधार दिला आणि सयारपूर यांच्या कामाने ही पद्धती पूर्वानुमानासाठी प्रचारात आली. तिला धारकता-रोध प्रतिमान म्हणतात. उत्पादक विहिरीभोवतालचा साठा म्हणजे एक विद्युत्-धारित्र. पाणी भरले की तो भरतो, द्रव काढला की रिता होतो, आणि खडकाचा रोध या क्रियेस विलंब लावतो. प्रत्येक जोडीसाठी दोनच अज्ञाते उरतात : भरलेल्या पाण्याचा किती हिस्सा या विहिरीकडे येतो, आणि येण्यास किती काळ लागतो. तो काळ तीस दिवसांचा असेल व या विहिरीच्या वाट्याचे भरण रोज १०० पिंपांवरून १६० केले, तर तीस दिवसांनी उत्पादन सुमारे १३८ पिंपांवर आलेले असेल. सर्व हिश्शांची बेरीज एकापेक्षा कमी आली तर पाणी क्षेत्राबाहेर कोठे तरी वाया जात आहे असा संशय घ्यावयाचा. आणि भरण पूर्ण बंद केले, विहिरीतील दाब स्थिर ठेवला, तर उरते ती आर्प्स यांची घातीय ऱ्हासरेषा.

या प्रतिमानातील विजेची उपमा नवी नाही. ब्रूस यांनी १९४३ मध्येच रोध व धारित्रे यांचे खरेखुरे जाळे बांधून त्यावर तेलसाठ्याच्या दाबाचा अभ्यास केला होता. त्या वेळी मंडलातील तारा हाताने जोडाव्या लागत व रोधांची मूल्ये आधी ठाऊक असावी लागत. साठ वर्षांनंतर मंडल कागदावर राहिले व मूल्ये शोधणे हेच काम झाले. हे शक्य होण्याचे कारण एवढेच की, रोजच्या रोज प्रत्येक विहिरीचा प्रवाह मोजून साठविला जाऊ लागला. या पद्धतीचा एक विनोदी परिणाम असा की, सर्व पंप वर्षभर सुरळीत चालले तर प्रतिमानास शिकण्यासारखे काही उरत नाही. बंद पडलेला पंप व्यवस्थापकाला जेवढा त्रास देतो तेवढीच माहिती तो गणित करणाऱ्यास देतो. हे प्रतिमान एकूण द्रव सांगते, त्यातील तेल सांगत नाही. त्यासाठी पाणी-तेल गुणोत्तराची एक घातरेषा वेगळी जोडावी लागते. म्हणजे वहीची रीत येथेही मागच्या दाराने आत आलेली आहे, आणि तिच्याबरोबर तिच्या मर्यादाही.

या सर्व प्रश्नांचे महाराष्ट्रास निकटचे उदाहरण मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात आहे. मुंबई हाय क्षेत्र फेब्रुवारी १९७४ मध्ये सापडले, १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले आणि १९८० नंतरच्या दशकात समुद्राचे पाणी शुद्ध करून साठ्यात भरण्यास प्रारंभ झाला. तेथील मुख्य साठा चुनखडीचा असून पातळ मृत्तिकाश्मांनी विभागलेल्या अनेक थरांचा आहे. स्टाइल्स यांच्या थरांच्या तक्त्यामागचा प्रश्न येथे समुद्रतळाखाली पुन्हा उभा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने या क्षेत्रासाठी बीपी कंपनीची तांत्रिक सेवा घेण्याचे ठरविले. काहीही नवे न केल्यास जे उत्पादन झाले असते त्याच्या आधाररेषेपेक्षा दहा वर्षांत तेल व वायू मिळून ६० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकेल असे सांगण्यात आले. पहिली दोन वर्षे ठरावीक मोबदला व नंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातील हिस्सा, अशी देण्याची व्यवस्था आहे. वाढीव म्हणजे किती, हे आधाररेषा ठरविते. आणि आधाररेषा हे पूर्वानुमानच होय. केवळ उदाहरणादाखल, आधाररेषेचा ऱ्हास वर्षाला पाच टक्क्यांऐवजी सहा टक्के धरला, तर दहा वर्षांच्या अखेरीस दोन हिशेबांतील एकूण फरक क्षेत्राच्या आजच्या दराने पावणेपाच महिन्यांच्या उत्पादनाएवढा होतो.